यूजरस्पेसमधला ब्लॉक ड्रायव्हर: एनबीडीकिटपासून यूबीएलकेपर्यंत

लिनक्सवर ब्लॉक डिव्हाइस (डिस्कसारखं, ठरावीक तुकड्यांत वाचलं-लिहिलं जाणारं) लिहायचं म्हणजे कर्नल मॉड्यूलच लिहायला हवं, ही सक्ती कधीच संपली आहे. डेटा कुठून आणायचा आणि कुठे ठेवायचा हे एका साध्या प्रोसेसमध्ये लिहिता येतं. वर फाइलसिस्टिम, एलव्हीएम, एन्क्रिप्शन सगळं नेहमीसारखं चालतं. डिव्हाइस उभं करायला पाच-दहा मिनिटं पुरतात. खरा वेळ जातो तो तीन गोष्टींत: फ्लशला (आतापर्यंतची लिखाणं पक्की करण्याच्या विनंतीला) खरं उत्तर देणं, मेमरी संपत आली असताना स्वतःच्याच पायात पाय न अडकवणं, आणि डिमन (हीच पडद्यामागे चालणारी प्रोसेस) मेला तर वरच्या फाइलसिस्टिमचं काय होणार हे आधीच ठरवून ठेवणं. म्हणून उभारणी पटापट उरकून हे तीन विषय सावकाश घेतले आहेत.

आज्ञा, फाइलींची नावं आणि पर्याय इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांत टंकायचे. एका अक्षराचे पर्याय जिथे आहेत तिथे ते लहान लिपीतलेच आहेत.

कोणता मार्ग धरायचा

एनबीडी (नेटवर्क ब्लॉक डिव्हाइस) हा जुना मार्ग, १९९७ पासून कर्नलमध्ये आहे. कर्नल सॉकेटवरून विनंत्या पाठवतं आणि पलीकडचा सर्व्हर उत्तरं देतो. सर्व्हर त्याच मशीनवर असला तर युनिक्स सॉकेट वापरायचं. यूबीएलके नवा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या लिनक्स ६.० मध्ये तो दाखल झाला. यात सॉकेट नाही. विनंत्या आयओ_यूरिंगच्या रिंगमधून (कर्नल आणि प्रोसेस यांच्यातल्या सामाईक रांगेतून) येतात आणि उत्तरंही तिथूनच जातात, त्यामुळे दर विनंतीमागचा खर्च बराच कमी होतो. स्कझी टार्गेटच्या चौकटीत काम असेल तर टीसीएमयू हा तिसरा पर्याय आहे, पण नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. आणि एक नेहमीचा गोंधळ: क्यूज नावाची सोय फक्त कॅरॅक्टर डिव्हाइससाठी आहे, तिच्यातून ब्लॉक डिव्हाइस निघत नाही.

आमचा सल्ला सरळ आहे. डेटाची मांडणी आणि तर्क आधी एनबीडीकिटवर (प्लगइन जोडून स्वतःचा एनबीडी सर्व्हर बनवायचं साधन) पक्का करा. तिथे चूक झाली तर फार तर सॉकेट तुटतं. गती अपुरी पडते हे मोजून दिसलं, तरच यूबीएलकेकडे वळा. नेटवर्कपलीकडच्या साठ्यासाठी दर विनंतीला काही मिलिसेकंद लागत असतील, तर सॉकेटचे वाचलेले मायक्रोसेकंद कुणाला दिसणारही नाहीत.

कर्नल आणि परवानग्या तपासणं

बूट डिरेक्टरीतल्या कॉन्फिग फाइलमध्ये कॉन्फिग_बीएलके_डेव्ह_एनबीडी आणि कॉन्फिग_बीएलके_डेव्ह_यूबीएलके या दोन ओळी पाहा. समोर 'एम' असेल तर मॉड्यूल आहे, 'वाय' असेल तर कर्नलमध्येच बांधलेलं आहे. कॉन्फिगमध्ये 'एम' दिसतं पण मॉडप्रोब मॉड्यूल सापडत नाही म्हणतो, असं झालं तर ते बहुधा कर्नलच्या जादा मॉड्यूलांच्या वेगळ्या पॅकेजात असतं आणि ते पॅकेज बसवलेलं नसतं.

यूबीएलकेसाठी आणखी एक पाहणी हवी. लिनक्स ६.६ पासून कर्नल.आयओ_यूरिंग_डिसेबल्ड नावाचं सिसकंट्रोल आहे. त्याची किंमत ० असेल तर सगळ्यांना मुभा, १ असेल तर फक्त विशेषाधिकार असलेल्यांना किंवा ठरवून दिलेल्या गटाला, २ असेल तर कुणालाच नाही, रूटलाही नाही. २ असताना रिंग तयार करतानाच ईपर्म ('परवानगी नाही') मिळतो आणि माणूस उगाच डिव्हाइसच्या परवानग्या बदलत बसतो. कंटेनरमध्ये तर बहुतेक वेळा सेककॉम्पचं (सिस्टम कॉल गाळणाऱ्या सोयीचं) प्रोफाइलच आयओ_यूरिंग अडवतं. डॉकरच्या मूळ प्रोफाइलमध्ये २०२३ पासून तसंच आहे. पहिले प्रयोग कंटेनरमध्ये नकोतच, सरळ व्हर्च्युअल मशीन घ्या. पुढे मुद्दाम मशीन पाडायचंही आहे.

एनबीडीकिटवर पहिलं डिव्हाइस

एनबीडीकिट, एनबीडी-क्लायंट आणि लिबएनबीडी ही तीन पॅकेजं बसवा. मग:

    मॉडप्रोब एनबीडी एनबीडीएस_मॅक्स=४ मॅक्स_पार्ट=८
    एनबीडीकिट --फोरग्राउंड --व्हर्बोज --युनिक्स=/रन/चाचणी.सॉक मेमरी १जी

दुसऱ्या टर्मिनलवर:

    एनबीडीइन्फो 'एनबीडी+युनिक्स:///?सॉकेट=/रन/चाचणी.सॉक'
    एनबीडी-क्लायंट -युनिक्स /रन/चाचणी.सॉक /डेव्ह/एनबीडी०
    एमकेएफएस.ईएक्सटी४ /डेव्ह/एनबीडी०
    माउंट /डेव्ह/एनबीडी० /एमएनटी

एनबीडीइन्फोची पायरी टाळू नका. सर्व्हरने काय काय जाहीर केलंय, म्हणजे आकार, फ्लश, एफयूए (तेवढं एक लिखाण लगेच पक्कं करणं), ट्रिम (नको असलेली जागा सोडणं), मल्टी-कॉन, ते सगळं तिथे एका नजरेत दिसतं आणि कर्नल पुढे त्याच यादीवर विसंबून राहतं. डिव्हाइस सोडताना आधी अनमाउंट, मग 'एनबीडी-क्लायंट -डी /डेव्ह/एनबीडी०', आणि शेवटी सर्व्हर बंद. हा क्रम उलटा केला तर पानांच्या कॅशमध्ये साठलेलं लिखाण सॉकेटबरोबर जातं आणि डीमेसेजमध्ये आय/ओ त्रुटींची रांग लागते.

स्वतःचा तर्क लिहायला पायथन प्लगइन सगळ्यात सोयीचं. स्क्रिप्टमध्ये एपीआय_व्हर्जन = २ लिहायचं आणि चार-पाच फंक्शनं द्यायची. 'ओपन' मधून हँडल परत करायचं. 'गेट_साइज' मधून बाइटमध्ये आकार. 'पीरीड' ला हँडल, बफर, ऑफसेट आणि फ्लॅग मिळतात. बफर नवा बनवून परत करायचा नसतो, मिळालेल्यातच भरायचा असतो. 'पीराइट' चं तसंच. 'फ्लश' दिलं की एनबीडीकिट फ्लश जाहीर करतं, नाही दिलं तर करत नाही. एफयूए वेगळं लिहिलं नाही तरी चालतं, लिखाणानंतर फ्लश मारून एनबीडीकिट ते स्वतःच निभावतं. पायथनपेक्षाही झटपट हवं असेल तर शेल प्लगइन आहे, पण ते दर विनंतीला नवी प्रोसेस जन्माला घालतं; कल्पना तपासायला ठीक, रोज वापरायला नाही.

इथे दोन ठिकाणी हमखास ठेच लागते. तुमचा साठा ४०९६ बाइटच्या तुकड्यांतच बोलत असेल आणि कर्नल ५१२ बाइटची विनंती पाठवेल, तर तर्कात 'वाचा-बदला-लिहा' करावं लागतं. ते हाताने लिहू नका, '--फिल्टर=ब्लॉकसाइज मिनब्लॉक=४०९६' लावा. दुसरं, गती वाढावी म्हणून क्लायंटला अनेक कनेक्शनं देण्याचा मोह होतो. सर्व्हरने मल्टी-कॉन जाहीर केलं असेल तरच ते करा. मल्टी-कॉनचा अर्थ असा की एका कनेक्शनवर आलेला फ्लश बाकी सगळ्या कनेक्शनांवर पूर्ण झालेली लिखाणंही पक्की करतो. प्लगइन दर कनेक्शनला वेगळी कॅश ठेवत असेल, तर ही हमी खोटी ठरते आणि ते वीज जाईपर्यंत कळत नाही.

यूबीएलके: तयार टार्गेट

यूबीएलकेएसआरव्ही हा प्रकल्प स्रोतातून बांधायचा तर लिबयूरिंग २.२ किंवा नवं आणि सी++२० च्या कोरूटीन समजणारा कंपायलर लागतो. जीसीसी असेल तर १० पासून पुढचा. ऑटोरीकॉन्फ -आय, कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल, नेहमीचाच क्रम. मग:

    मॉडप्रोब यूबीएलके_डीआरव्ही
    ट्रंकेट -एस ८जी /एसआरव्ही/डिस्क.इमेज
    यूबीएलके ॲड -टी लूप -एफ /एसआरव्ही/डिस्क.इमेज -क्यू २ -डी १२८
    यूबीएलके लिस्ट

मॉड्यूल चढल्यावर /डेव्ह/यूबीएलके-कंट्रोल दिसतं. ॲड झाल्यावर दोन फाइली जन्मतात: /डेव्ह/यूबीएलकेसी० हे कॅरॅक्टर डिव्हाइस, ज्यातून डिमन आणि कर्नल बोलतात, आणि /डेव्ह/यूबीएलकेबी० हे खरं ब्लॉक डिव्हाइस. पहिलं एका वेळी एकालाच उघडता येतं, दुसरा आला की ईबिझी. काढून टाकायला 'यूबीएलके डेल -एन ०'.

स्वतःचं काही लिहिण्याआधी नल टार्गेट चढवून फिओने (डिस्कवर भार टाकून मोजणारं साधन) एकदा मोजून ठेवा. नल टार्गेट डेटाला हात न लावता होकार देतं, त्यामुळे मिळणारा आकडा तुमच्या मशीनवरचा वरचा टप्पा असतो. तुमचा ड्रायव्हर त्याच्या जवळ पोचला असेल तर आणखी घासून काही मिळणार नाही.

स्वतःचा यूबीएलके सर्व्हर: क्रम आणि खाचखळगे

सी मध्ये लिहा किंवा रस्टमध्ये, कर्नलशी होणारा संवाद तोच.

१. कंट्रोल डिव्हाइस उघडा आणि त्यासाठी १२८ बाइटच्या एसक्यूईची (रिंगमध्ये टाकायच्या आज्ञेची नोंद) रिंग तयार करा. साध्या ६४ बाइटच्या रिंगवर कंट्रोल आज्ञा बसतच नाहीत.

२. ॲड_डेव्ह पाठवा: किती क्यू, किती खोली (एका क्यूत एका वेळी किती विनंत्या), एका विनंतीचा कमाल बफर, आणि फ्लॅग. डिव्हाइसचा क्रमांक -१ दिला तर कर्नल स्वतः निवडतं. परत आलेली रचना पुन्हा वाचणं सक्तीचं समजा. क्यूंची संख्या मशीनच्या सीपीयूंपेक्षा जास्त मागितली तर कर्नल ती गुपचूप कमी करतं, आणि न समजणारे फ्लॅगही गुपचूप गाळतं. तुम्ही रिकव्हरी (मेलेल्या डिमनच्या जागी नवा आणण्याची सोय) मागितली आणि जुन्या कर्नलने ती गाळली, तर त्रुटी येत नाही, फक्त रिकव्हरी नसते. खोलीची कमाल मर्यादा ४०९६ आहे.

३. सेट_पॅराम्स. बेसिक भाग अनिवार्य. लॉजिकल ब्लॉक शिफ्ट ९ ते पानाच्या आकाराच्या शिफ्टपर्यंत, फिजिकल त्याहून लहान नको, मॅक्स_सेक्टर्स आधी सांगितलेल्या बफरपेक्षा मोठा नको. डिस्कार्ड दिलं तर ग्रॅन्युलॅरिटी शून्य चालत नाही आणि कमाल सेगमेंट १ च ठेवायचे. यातलं काहीही चुकलं तरी उत्तर एकच, ईइन्व्हॅल, कोणतं क्षेत्र चुकलं ते सांगत नाही. म्हणून आधी नुसता बेसिक भाग जाऊ द्या, मग एकेक वाढवा.

४. दर क्यूसाठी एक थ्रेड. तो कॅरॅक्टर डिव्हाइसमधून विनंत्यांच्या वर्णनांचा पट्टा एममॅप करतो, आणि इथे भलेभले अडखळतात. एक वर्णन २४ बाइटचं. खोली १२८ असेल तर ३०७२ बाइट, पानाच्या आकारापर्यंत वर नेले की ४०९६; एममॅपची लांबी नेमकी तेवढीच हवी. मग वाटतं की दुसऱ्या क्यूचा पट्टा ४०९६ च्या ऑफसेटवर असेल. नसतो. ऑफसेट कमाल खोलीवरून मोजला जातो: ४०९६ गुणिले २४, म्हणजे ९८३०४. क्यू क्रमांक १ चा पट्टा ९८३०४ वर, २ चा १९६६०८ वर, तुमची खोली काहीही असो. शिवाय पट्टा फक्त वाचण्यापुरता मागायचा; लिहिण्याची परवानगी मागितली तर ईपर्म. एकच क्यू ठेवून तपासलं की हा दोष झाकला जातो, तेव्हा पहिल्या दिवसापासून दोन क्यू ठेवा.

५. दर टॅगसाठी (क्यूमधल्या एका विनंतीच्या जागेचा क्रमांक) एक फेच_रेक रिंगमध्ये टाका. ज्या थ्रेडने फेच टाकलं तोच त्या क्यूचा मालक ठरतो. नव्या कर्नलांत दर विनंतीला वेगळा मालक ठेवायची सोय आली आहे, पण ती मागितली नसेल तर दुसऱ्या थ्रेडने उत्तर दिल्यावर ईइन्व्हॅल मिळतो. काम थ्रेडपूलकडे सोपवलं असेल तरी शेवटचं उत्तर मालक थ्रेडकडूनच जायला हवं. इव्हेंटएफडीने त्याला जागं करा.

६. स्टार्ट_डेव्ह. सगळ्या क्यूंचे सगळे फेच पोचेपर्यंत ही आज्ञा परत येत नाही. एक टॅग जरी राहिला तरी प्रोग्रॅम इथेच थिजतो. थिजण्याचं दुसरं कारण जास्त फसवं आहे: डिस्क उभी होताना कर्नल लगेच पार्टिशन टेबल वाचायला जातं आणि ते वाचन तुमच्याच डिमनकडे येतं. स्टार्ट_डेव्ह देणारा थ्रेडच क्यूही सांभाळत असेल, तर तो आज्ञेच्या उत्तराची वाट पाहतो आणि आज्ञा त्याच्या वाचनाची. कंट्रोलचा थ्रेड वेगळाच ठेवा.

७. मुख्य फेरा: सीक्यूई (रिंगमधून परत येणारी नोंद) आलं, त्यातून टॅग काढा, वर्णन वाचा, काम करा, कमिट_अँड_फेच_रेक ने निकाल परत द्या. वर्णनातले सेक्टर नेहमी ५१२ बाइटचे, लॉजिकल ब्लॉक ४०९६ ठेवला असला तरी. गुणाकार ६४ बिटांत करा. ३२ बिटांत केला तर ४ जीबीच्या पुढचं लिखाण परत सुरुवातीला येऊन पडतं आणि पहिला सुपरब्लॉक खलास होतो. वाचन-लिखाणाचा निकाल बाइटमध्ये द्यायचा, त्रुटी असेल तर ऋण एररनो. अपुरे बाइट दिले तर कर्नल उरलेला भाग पुन्हा पाठवतं. वाचनाला शून्य दिलं तर ते ईआयओ (आय/ओ त्रुटी) धरतं. विरळ फाइलच्या टोकापलीकडे वाचून आलेलं शून्य तसंच पुढे ढकलू नका, बफर शून्यांनी भरा आणि पूर्ण लांबी परत करा. सीक्यूईमध्ये ऋण ईनोडेव्ह आलं की डिव्हाइस बंद होतंय असं समजून त्या टॅगवर पुन्हा फेच टाकू नका.

आज्ञांचे क्रमांक आयओसीटीएल पद्धतीचे वापरा. सुरुवातीचे साधे क्रमांक काही कर्नलांत बंद केलेले असतात आणि मग ईओपीनॉटसप मिळतो.

बफरचं गणितही आधीच करा. नेहमीच्या पद्धतीत दर टॅगला स्वतःचा बफर लागतो: खोली १२८ आणि कमाल विनंती ५१२ केबी, म्हणजे एका क्यूला ६४ एमबी, चार क्यूंना २५६. न वापरलेली पानं खरी मेमरी खात नाहीत हे खरं, पण पुढे मेमरी कुलूपबंद करायची आहे, तेव्हा सगळीच मोजली जाणार. हे परवडत नसेल तर खोली कमी करा, किंवा लिनक्स ६.५ पासूनचा यूजर_कॉपी फ्लॅग घ्या. त्यात डेटा कॅरॅक्टर डिव्हाइसवर पीरीड-पीराइट करून तुम्ही स्वतः आणता-नेता आणि बफर हवा तेव्हाच घेता येतो.

फ्लश

फाइलसिस्टिमचा सगळा संसार एका वचनावर चालतो: फ्लशला होकार मिळाला म्हणजे त्याआधी पूर्ण झालेली लिखाणं वीज गेली तरी टिकतील. यूबीएलकेमध्ये व्होलाटाइल_कॅश हा गुणधर्म लावला नाही, तर कर्नल समजतं की या डिव्हाइसला कॅशच नाही, आणि फ्लश पाठवतच नाही. तुमचा डिमन मात्र साध्या राइटने फाइलमध्ये लिहीत असतो, म्हणजे सगळं पानांच्या कॅशमध्ये. चाचण्या सुंदर चालतात, वेगही छान दिसतो. म्हणून डिव्हाइस उभं झाल्यावर आधी हे पाहा:

    कॅट /सिस/ब्लॉक/यूबीएलकेबी०/क्यू/राइट_कॅश

तिथे 'राइट बॅक' हवं. नावातला 'क्यू' म्हणजे पूर्ण शब्द असलेली डिरेक्टरी आहे, एक अक्षर नव्हे. एफयूएचा गुणधर्म सुरुवातीला लावूच नका. तो नसेल तर ब्लॉक थर लिखाणानंतर स्वतः फ्लश पाठवतो. तो लावला आणि वर्णनातला एफयूए बिट पाहायचा राहिला, तर जर्नलची कमिट नोंद पक्की न होता होकार जातो.

फ्लशमध्ये एफडेटासिंक पुरतं. तुमची स्वतःची लिखाण-कॅश असेल तर मात्र एका क्यूवर आलेल्या फ्लशने सगळ्या क्यूंची कॅश रिकामी व्हायला हवी. पूर्ण झालेली लिखाणं कोणत्याही क्यूवरची असोत, ती त्यात येतात. आणि एफडेटासिंकने त्रुटी दिली तर ती लक्षात ठेवा. कर्नल ती पानं स्वच्छ म्हणून मोकळी करू शकतं, त्यामुळे पुढचा एफडेटासिंक यशस्वी होतो पण डेटा गेलेला असतो. एकदा अपयश आलं की पुढच्या प्रत्येक फ्लशला ईआयओ देत राहणं हेच प्रामाणिक.

विरळ फाइलवर डिस्क ठेवली तर ईएनओएसपीसी ('जागा संपली') कधीतरी येणारच, आणि ती फाइलसिस्टिमला अनपेक्षित जागी मिळते, कारण तिच्या हिशेबाने जागा शिल्लक असते. प्रयोगापलीकडे वापरायचं तर फॅलोकेटने पूर्ण जागा आधीच घेऊन ठेवा.

मेमरी कमी पडते तेव्हा

मशीनवर मेमरी संपत आली की कर्नल घाणेरडी पानं डिस्कवर लिहून जागा मोकळी करतं. त्यातली काही पानं तुमच्याच डिव्हाइसची असतात. लिखाण डिमनकडे येतं, डिमन ते करायला थोडी मेमरी मागतो, कर्नल म्हणतं आधी पानं लिहून होऊ देत. दोघंही थांबतात, आणि बाहेरून दिसतं ते इतकंच की अर्धं मशीन 'डी' अवस्थेत (मारताही न येणाऱ्या प्रतीक्षेत) गेलंय.

उपाय चार आहेत आणि चारही लागतात. पहिला, पीआर_सेट_आयओ_फ्लशर हा पीआरकंट्रोल, लिनक्स ५.६ पासून आहे. तो कर्नलला सांगतो की या थ्रेडने मेमरी मागितली तर ती देण्यासाठी आय/ओच्या वाटेला जाऊ नका. हा दर थ्रेडला लागू होतो आणि जन्मणाऱ्या थ्रेडांना वारशाने मिळतो, म्हणून थ्रेड बनवण्याआधी, मेनच्या सुरुवातीलाच द्या. कॅप_सिस_रिसोर्स लागतो, तो नसताना अपयश येतं, परतीची किंमत तपासा. दुसरा, एमलॉकऑल, चालू आणि भावी दोन्ही पानांसाठी, सोबत मेमलॉकची मर्यादा अमर्याद. तिसरा, मूळ फाइल ओ_डायरेक्टने उघडणं, म्हणजे दुहेरी कॅशही टळते आणि घाणेरड्या पानांच्या मर्यादेवर डिमन अडवलाही जात नाही. त्यासाठी बफर, ऑफसेट आणि लांबी खालच्या डिस्कच्या लॉजिकल ब्लॉकला जुळलेली हवी, नाहीतर ईइन्व्हॅल. खालची डिस्क ४०९६ ची असेल तर तुमच्या डिव्हाइसचाही लॉजिकल ब्लॉक शिफ्ट १२ ठेवा. चौथा, ओओएम स्कोअर -१०००; मेमरी संपल्यावर मारायला डिमन निवडला गेला तर सगळंच मुसळ केरात.

एनबीडीमध्ये याच कामासाठी दोन्हीकडे स्वॅप पर्याय आहेत: एनबीडीकिटला '--स्वॅप', एनबीडी-क्लायंटला '-स्वॅप'. तरीही त्याच मशीनवरच्या यूजरस्पेस डिव्हाइसवर स्वॅप ठेवू नका. सर्व्हर जावा किंवा पायथनसारख्या रनटाइममध्ये असेल तर तो नेमका कधी मेमरी मागेल हे तुमच्या हातात नसतं.

लॉगिंगही विसरू नका. डिमन आपला लॉग अशा डिरेक्टरीत लिहीत असेल जी त्याच्याच डिव्हाइसवर माउंट आहे, तर तीच गाठ पडते.

डिमन मेला तर

यूबीएलकेमध्ये काहीही न मागता डिमन मेला, तर कर्नल अडकलेल्या विनंत्यांना त्रुटी देतं आणि डिस्क काढून टाकतं. ईएक्सटी४ जर्नल थांबवते, एक्सएफएस स्वतःला बंद करते. मग अनमाउंट, नवं डिव्हाइस, पुन्हा माउंट. कित्येक कामांना हे पुरेसं आहे, आणि लपवाछपवी नसल्याने बरंही.

रिकव्हरी हवी असेल तर 'यूबीएलके ॲड' ला '-आर १' द्या. डिमन मेल्यावर डिव्हाइस जागच्या जागी थांबतं, नव्या विनंत्या रांगेत राहतात, आणि 'यूबीएलके रिकव्हर -एन ०' ने नवा डिमन सूत्रं हातात घेतो. पण मरताना ज्या विनंत्या जुन्या डिमनच्या हातात होत्या त्यांना त्रुटीच मिळते. त्याही परत हव्या असतील तर '-आय १' जोडायचं. त्याचा अर्थ नीट समजून घ्या: एखादं लिखाण अर्धं किंवा पूर्ण होऊन गेलेलं असू शकतं आणि ते पुन्हा येतं. त्याच जागी तोच डेटा दोनदा लिहिणाऱ्या साध्या फाइलला याचं काही वाटत नाही. पण तुमचा साठा लॉगसारखा मागे मागे जोडत जाणारा असेल, किंवा लिखाणागणिक गणती वाढवत असेल, तर आधी दुहेरी लिखाण पचवायची तजवीज करा.

थांबलेल्या अवस्थेत सिंक मारणारी प्रत्येक प्रोसेस 'डी' मध्ये जाते आणि किल -९ लाही दाद देत नाही. म्हणून रिकव्हरी लावायची तर डिमनला आपोआप उठवणारा राखणदारही त्याच दिवशी लावा. लिनक्स ६.१३ पासून मधला मार्ग आहे: डिमन नसताना विनंत्यांना त्रुटी द्यायची, पण डिव्हाइस ठेवायचं.

एनबीडीमध्ये मुख्य प्रश्न वेळमर्यादेचा. क्लायंटला '-टाइमआउट' दिलं नाही आणि सर्व्हर जिवंत असूनही गप्प बसला, तर वाट पाहण्याला अंत नाही. ३० सेकंदांपासून सुरुवात करा. साठा सावकाश असेल तर वाढवा.

बूट आणि शटडाउन

सिस्टमडीखाली डिमनची वेगळी सर्व्हिस करा आणि एफएसटॅबच्या ओळीत 'एक्स-सिस्टमडी.रिक्वायर्स=' पुढे तिचं नाव द्या. त्यामुळे माउंट सर्व्हिसनंतर होतं आणि, जास्त महत्त्वाचं, बंद होताना आधी अनमाउंट होऊन मगच सर्व्हिस थांबते. सोबत 'नोफेल' लावा, नाहीतर डिमन न उठल्यास बूट आणीबाणीच्या शेलवर अडकतं. एफएसटॅबमध्ये यूयूआयडी लिहा. यूबीएलकेबी० चा क्रमांक दर बूटला तोच राहील याची खात्री नाही. सर्व्हिसला मेमरीची कडक मर्यादा लावू नका.

रूट फाइलसिस्टिमच अशा डिव्हाइसवर असेल तर डिमन इनिटआरडीमधून सुरू करावा लागतो, आणि शटडाउनच्या शेवटी सिस्टमडीने तो मारू नये म्हणून त्याच्या आर्गव्ही शून्यचं पहिलं अक्षर '@' ठेवावं लागतं.

चाचणी

पहिली फेरी फिओची: रँडम लिखाण, डायरेक्ट १, खोली ३२, व्हेरिफाय सीआरसी३२सी, आणि एकाच आकाराऐवजी ५१२ बाइट ते २५६ केबी अशी बीएसरेंज. ब्लॉक ४०९६ चा असेल तर खालची मर्यादा तेवढी. हीच चाचणी ४ जीबीच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्ही बाजूंना करा.

दुसरी त्रुटींची. एनबीडीकिटला '--फिल्टर=एरर' लावून 'एरर-पीराइट-रेट=५%' आणि 'एरर-पीराइट-फाइल=/टीएमपी/बिघाड' द्या. ती फाइल अस्तित्वात असेल तेवढ्याच वेळात लिखाणं फसतात. टचने बिघाड सुरू, आरएमने बंद. '--फिल्टर=डिले' आणि 'डब्ल्यूडिले=२००एमएस' ने सावकाश साठ्याचं नाटक होतं.

तिसरी फ्लशची, आणि ती किल -९ ने होत नाही. प्रोसेस मेली तरी कर्नलच्या कॅशमधली पानं सुरक्षित असतात, म्हणून फ्लशमध्ये काहीच न करणारा ड्रायव्हरही या चाचणीत पास होतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये डिमन चालवा, एफसिंक करत क्रमांकित नोंदी लिहा, एफसिंक परतला की तो क्रमांक नेटवर्कवरून बाहेर पाठवा, आणि मध्येच आतून हे मारा:

    इको बी > /प्रोक/सिसआरक्यू-ट्रिगर

मशीन काहीही सिंक न करता तत्क्षणी रीबूट होतं. परत आल्यावर बाहेर पोचलेला प्रत्येक क्रमांक डिस्कवर सापडायला हवा. एकही कमी असेल तर राइट_कॅश आणि फ्लशचा भाग पुन्हा उघडा.

डेल अडकून बसलं तर

'यूबीएलके डेल' परत येत नसेल तर कुणीतरी डिव्हाइस धरून ठेवलंय. माउंट यादी, मग फ्यूजरने दोन्ही फाइली, मग एलव्हीएम किंवा डीएम-क्रिप्टचा थर वर बसलाय का ते पाहा. लिहून बंद केल्यावर यूडेव्ह डिव्हाइस क्षणभर पुन्हा उघडतो, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये डेलच्या आधी 'यूडेव्हएडीएम सेटल' ची ओळ घाला. डिमन मेलेला असेल आणि डिव्हाइस थांबलेल्या अवस्थेत असेल, तर आधी रिकव्हर करून मग डेल करणं हे जबरदस्तीने मारण्यापेक्षा सोपं पडतं.

फ्रीबीएसडीच्या मूळ कर्नलमध्ये एनबीडी किंवा यूबीएलके नाही. तिथे जिओम गेट आहे. 'केएलडीलोड जिओम_गेट' आणि मग 'जीगेटएल क्रिएट -यू ० /एसआरव्ही/डिस्क.इमेज' केलं की /डेव्ह/जीगेट० मिळतं, 'जीगेटएल डिस्ट्रॉय -यू ०' ने जातं. स्वतःचा सर्व्हर लिहायचा असेल तर जीगेटएलचा स्रोत वाचून सुरुवात करा. /डेव्ह/जीजीसीटीएल वरचे मोजके आयओसीटीएल एवढाच सगळा संवाद आहे. फ्लश, मेमरी आणि मेलेला डिमन हे तिन्ही प्रश्न तिथेही जसेच्या तसे उभे राहतात.